नुकसानीचं कारण

९ जानेवारी

कंपनीला दाखवायची वही वेगळी आहे. तिच्यात मी "आंतरविभागीय समन्वय" वगैरे लिहिते आणि महिन्याच्या शेवटी साहेबांची सही घेते. ही वही माझी. हिच्यावर कोणी सही करणार नाही, म्हणून हिच्यात खरं लिहीन. निदान तसा विचार आहे.

तर, आज गोदाम सुटलं. अकरा महिने बिस्किटांची खोकी मोजली, गाड्या भरून घेतल्या, पायाचं एक नख गेलं. आजपासून नियोजन विभाग. पुढे वाहतूक, मग परत आलेल्या मालाचा विभाग, आणि शेवटी ज्या विभागाला मी हवी असेन तिथे कायम. कोणालाच नको असले तर नमस्कार. गोदामातली माणसं आम्हा फिरत्या लोकांना "पाहुणे" म्हणतात. निघताना मुकादम म्हणाला, "पाहुणीबाई, परत या, पण घरून जेवून या."

बाबांना हे फिरणं पटत नाही. ते एकतीस वर्षं एकाच कचेरीत, एकाच खुर्चीत बसले. खुर्चीचा वेत दोनदा बदलला, बाबा नाही बदलले. म्हणाले, ज्याला सारखं इकडून तिकडे हलवतात ना, त्याला घरात ठेवायला जागा नसते. मी म्हटलं, मी काय टेबल आहे का? तर म्हणे, टेबलाला निदान माहीत असतं आपण कशासाठी आहोत ते.

मला माहीत आहे. मला नियोजनात कायम व्हायचंय, पण सगळीकडचं बघून. एका खिडकीतून जन्मभर एकच झाड बघणाऱ्यातली मी नाही.

२२ जानेवारी

सापडलं.

आमचा माल पॅलेटवर जातो. म्हणजे लाकडी पाटावर खोक्यांचे थर रचायचे, वरून प्लास्टिक गुंडाळायचं आणि अख्खं उचलून गाडीत ठेवायचं. बिस्किटांचे थर सहा. सहाच का? आठ जणांना विचारलं. आठही जण म्हणाले, पहिल्यापासून सहाच. मग मी टेप घेऊन गाडीत चढले. सहाव्या थराच्या वर छतापर्यंत दीड हात जागा मोकळी. म्हणजे इतकी वर्षं आम्ही रोज गाड्या भरभरून हवा पोचवतोय, आणि हवेची ऑर्डर कोणी दिलेली नाही.

एक थर वाढवला की सात गाड्यांचं काम सहा गाड्यांत होतं. दुपारी नियोजनाच्या साहेबांना दाखवलं. ह्यांना सगळे टक्केसाहेब म्हणतात, कारण ते चहासुद्धा "ऐंशी टक्के" मागतात. त्यांनी कागद दोनदा वाचला. "हे चौदा टक्के आहेत," म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझं नाव विचारलं.

३ फेब्रुवारी

चाचणीसाठी गोदामात दहा पॅलेट सात थरांची रचून घेतली. मुकादमाने रचून दिली, पण लग्नात रुसलेल्या मामासारखं तोंड करून. म्हणाला, "वर जागा आहे ते बघितलंत. सगळ्यात खालच्या खोक्याला विचारलंत का?"

मी म्हटलं, खोक्यांचा अभिप्राय घ्यायचा फॉर्म अजून निघालेला नाही. पोरं हसली. तो हसला नाही.

१९ फेब्रुवारी

पंधरा दिवस उभी होती दहाही पॅलेट. आज सोडवली. हवा इतकी कोरडी की प्लास्टिक ओढताना बोटांना झटके बसत होते. एकही खोकं चेपलं नाही. एकही बिस्किट तुटलं नाही. तळाची खोकी मी स्वतः उघडून बघितली, मुकादमाच्या डोळ्यांदेखत.

बैठकीत टक्केसाहेबांनी मला उभं केलं. "ह्या पाहुण्या नाहीत, ह्या आपल्याच. फिरती संपली की खुर्ची तयार ठेवतो." टाळ्या. मी मान खाली घालून उभी होते, पण मान खाली घालूनही हसता येतं.

रात्री बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, खुर्चीला हात आहेत का.

११ एप्रिल

वाहतुकीत येऊन दोन दिवस झाले. भिंतभर रस्त्यांचा नकाशा, आणि फोनवर कायम कोणीतरी "पोचलोच" म्हणत असतं. जो "पोचलोच" म्हणतो तो अजून निघालेला नसतो, एवढं शिकले.

आज वजनाच्या पावत्या बघत बसले होते. समुद्राकाठच्या डेपोच्या गाड्या हलक्या. इतर सगळ्या बरोबर, ह्याच हलक्या. गोदामात गेले, दार उघडून बघितलं. सहा थर! दोन महिने झाले हुकूम निघून, आणि किनाऱ्याच्या गाडीला सहाच.

मुकादमाला विचारलं. म्हणाला, "तिकडच्या गाडीला सातवा नको. तिकडची हवा बरी नसते." मी विचारलं, आपण बिस्किटं पाठवतोय की आजारी माणसं? तो पुढे काहीतरी सांगायला लागला होता, पण मला दोनच्या गाडीचे कागद करायचे होते. मला कळायचं ते कळलं होतं. सातवा थर डोक्याच्या वर उचलून लावायला लागतो, हात भरून येतात. मग चाळीस लोकांत एका रस्त्यापुरता आळस केला तर कोणाच्या लक्षात येतंय?

माझ्या येतंय. टक्केसाहेबांकडून लेखी हुकूम आणला. मुकादमाने तो घडी करून खिशात घातला, वाचलासुद्धा नाही.

१३ एप्रिल

सात. किनाऱ्यालाही सात. जिंकले.

२० मे

किनाऱ्याच्या रस्त्यावर एकच ठरलेला चालक आहे. त्याला गोदामात "गोगल" म्हणतात. ही मंडळी गॉगलला गोगल म्हणतात, फॉर्मला फारम म्हणतात, मला आता सवय झाली आहे. मी त्याला बघितलेलं नाही, तो पहाटे पाचला गाडी घेऊन जातो. पण डोळ्यासमोर येतो: काळा चष्मा, गळ्यात साखळी, खिडकीबाहेर कोपर, एका हाताने गाडी हाणणार. ह्याची गाडी दर खेपेला उशिरा. सहा तासांच्या रस्त्याला नऊ तास. वाटेत कुठेतरी मित्रांत बसत असणार आणि मग वेळ भरून काढायला सुसाट सुटत असणार. ह्या गॉगलवर लक्ष ठेवायचं असं आज वहीत (दाखवायच्या) लिहिलं.

घरी आत्या आली होती. मी नक्की काय करते ते तिला तिसऱ्यांदा समजावलं. शेवटी ती बाबांना म्हणाली, म्हणजे हमालीच, पण शिकून. मी म्हटलं, हो, आणि शिकायची अजून राहिली आहे.

२८ जून

हवा अंगाला चिकटते. कागद हाताला चिकटतात. किनाऱ्याच्या डेपोकडून पंधरा दिवसांत चौथी तक्रार: खोकी फुटलेली, बिस्किटांचा चुरा. इतर डेपोंकडून जवळजवळ काही नाही. त्या रस्त्यावर कोण असतं हे मला कोणी सांगायची गरज नाही.

८ जुलै

परत माल. दुकानांनी आणि डेपोंनी जे नाकारलं ते सगळं इथे येतं. लांबट खोली, पत्र्याचं छप्पर, ओल्या पुठ्ठ्याचा आणि साखरेचा वास. खोलीच्या बाई बावीस वर्षं इथे आहेत. हातात कायम कात्री, म्हणून कात्रीबाई. प्रत्येक खोकं कापायचं, बघायचं आणि संगणकात "नुकसानीचं कारण" भरायचं. कारणं पाच:

१. चालक
२. भरणी
३. रस्ता
४. पुठ्ठा
५. डेपो

ह्यातलं एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मी विचारलं, ह्यातलं काहीच नसलं तर?

"तर एक," कात्रीबाई म्हणाल्या.

"एकच का?"

"पहिला आहे म्हणून. आणि भरणीवाले इथे येऊन भांडतात, पुठ्ठेवाला फोन करतो, डेपोवाले वर तक्रार करतात. चालक बिचारा गाडीवर असतो."

विनोद चांगला करतात.

१६ जुलै

अहवाल दिला. पाच आठवडे, तीनशे बारा खोकी, त्यातली दोनशे नव्वद किनाऱ्याची, सगळ्यांवर कोड एक, सगळ्यांचा चालक एकच. शेवटी एक ओळ: "सदर चालकास यादीतून वगळावे." सदर हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला.

टक्केसाहेबांनी संध्याकाळीच नाव काढलं. "त्र्याण्णव टक्के एका माणसाकडून," ते म्हणाले. "असं स्वच्छ काम मी बघितलेलं नाही."

२३ जुलै

आज तो आला.

मी गॉगल शोधत होते आणि समोर साठीला टेकलेला माणूस उभा. इस्त्रीचा शर्ट, नंबरचा जाड चष्मा, त्याची काडी दोऱ्याने बांधलेली. मला वाटलं रद्दीवाला. म्हणाला, किनाऱ्याच्या गाडीचा मी. आता भांडणार म्हणून मी फाइल छातीशी धरली. तो भांडला नाही. नाव काढल्याचं कोणी सांगितलं नव्हतं, पहाटे गाडीपाशी गेलो तर किल्ली दुसऱ्याच्या हातात, एवढंच बोलला. मग माझ्या गाडीतलं फुटलेलं एक खोकं दाखवा म्हणाला.

कात्रीबाईंनी दिलं. त्याने ते उलटं केलं, कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला, नाकाशी नेलं.

"पोरी, हे आपटलेलं नाही. आपटलं की एक कोपरा जातो. हे चहूबाजूंनी पोट काढून खाली बसलंय. हे दमलंय."

मी म्हटलं, काका, खोकी दमत नाहीत. तो बरं म्हणाला, खोकं होतं तिथे नीट ठेवलं, अगदी कडा जुळवून, आणि गेला.

खोकी दमत नाहीत. हे मी तीनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

२४ जुलै

जेवणाच्या सुट्टीत गोदामात गेले. सहज विचारल्यासारखं केलं: तो गोगल गाडी हाणतो कशी?

सगळं गोदाम हसलं. एक जण पॅलेटवरच आडवा झाला. "हाणतो?" म्हणे, "बाई, त्याला सायकली ओलांडून जातात." दुसरा म्हणाला, रस्त्यात कुत्रं झोपलेलं असलं तर हा त्याचं स्वप्न संपायची वाट बघतो. वीस वर्षं अंड्यांची गाडी चालवली त्यांनी इथे यायच्या आधी. चाळिसाच्या पुढे काटा गेलेला कोणी बघितलेला नाही.

"मग गोगल म्हणता ते?"

"गोगलगाय हो," मुकादम म्हणाले. "एवढं मोठं नाव रोज कोण घेणार?"

गोगल. गॉगल नव्हे. त्यांच्या नावावर तो अर्धचंद्र मी माझ्या मनाने चढवला, आणि मग त्या माणसालाच अर्धचंद्र दिला. दोन महिने ज्याच्यावर लक्ष ठेवलं तो जगात नव्हताच.

मग मुकादमांनी मला बसवलं आणि एप्रिलमध्ये जे सांगायला लागले होते ते सांगितलं. किनाऱ्याच्या डेपोत माल दहा-बारा दिवस उभा असतो. समुद्राची हवा पुठ्ठा पितो. कोरड्या दिवसांत दहा थरही सोसेल, पण ओल्या हवेत पुठ्ठा पापडासारखा... नाही, ते म्हणाले ओल्या चपलेसारखा होतो. म्हणून ते तिकडच्या गाडीला सातवा थर लावत नव्हते. गुपचूप. लेखी हुकूम येईपर्यंत.

मी विचारलं, तेव्हाच जोर करून का नाही सांगितलंत?

"पाहुण्यांशी कोण वाद घालतं?" ते म्हणाले.

२६ जुलै

रविवार. पटत नव्हतं, म्हणून घरी केलं. परत मालातली दोन धड खोकी आणली. एक कपाटावर ठेवलं. दुसरं न्हाणीघरात ठेवून गरम पाणी सोडलं आणि दार लावलं, तीन तास. शेजारच्या काकूंनी विचारलं कोणाची आंघोळ चाललीय. बाबा म्हणाले, बिस्किटांची.

मग वजन हवं होतं. सहा खोक्यांचं वजन साधारण बाबांएवढं. मी त्यांना म्हटलं, ह्यावर बसा. कोरड्यावर बसले. काही झालं नाही, पाय हलवत पेपर वाचायला लागले. मग ओल्यावर बसवलं. पहिलं पान होईपर्यंत टिकलं. मग आवाज न करता खाली जायला लागलं, चहूबाजूंनी पोट काढून, आणि बाबा हळूहळू माझ्या कमरेपासून माझ्या गुडघ्यापर्यंत आले.

"हे कोणी ठरवलं होतं, ह्याच्यावर एवढं ठेवायचं?" त्यांनी जमिनीवरून विचारलं.

मी त्यांना हात देऊन उठवलं.

२९ जुलै

टक्केसाहेबांकडे गेले. सगळं सांगितलं: तळाची खोकीच फुटतात, वरची धड असतात, तेरा एप्रिलच्या आधी किनाऱ्याचं नुकसान इतरांएवढंच होतं, चालकाचा काही संबंध नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं. ते हुशार आहेत, मला अजूनही आवडतात, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे.

"ठीक," म्हणाले. "चालकाला परत घेऊ. कोड बदला. एकाच्या जागी चार."

चार म्हणजे पुठ्ठा. म्हणजे खोकी बनवणारा कारखाना.

"पण पुठ्ठा ठरल्याप्रमाणेच आहे, साहेब. सहा थरांसाठी सांगितला होता, सहा सोसतो."

"ओला होतो ना? म्हणजे पुठ्ठ्यातच दोष. तो दुसरीकडे माल देईल, त्याचं काय जातं? चालक परत आला, सातवा थर राहिला, तुमची खुर्ची राहिली. कोणाचं नुकसान झालं सांगा."

मी फाइल उचलून बाहेर आले.

३० जुलै

चाळीस खोक्यांना चार घातला. लिहून ठेवते, कारण ही खरी वही आहे. पहिल्या दहांना हात जड होता. पुढच्या तिसांना नव्हता. कात्रीबाई बघत होत्या, त्यांनी कात्री टेबलावर ठेवली. बावीस वर्षांत त्यांनी किती जणांना असं आकडे घालताना बघितलं असेल.

खुर्ची मला हवी आहे. हे उगाच मोठेपणा करून लपवायचं नाही. दीड वर्षं त्यासाठी पाय सुजवले. शिवाय पुठ्ठेवाला मी बघितलेलाही नाही.

गॉगललाही बघितलं नव्हतं.

३१ जुलै

चाळीसचे चाळीस पुसले. पण पुसल्यावर दुसरं काहीतरी निवडावंच लागतं, नाहीतर पुढचं पान उघडत नाही. एक खोटा, दोन खोटा, तीन खोटा, चार खोटा, पाच खोटा. दिवसभर एकाच पानावर बसून राहिले. सातवा थर सुचवणाऱ्या बाईसाठी ह्या संगणकात आकडाच नाही. चुका सगळ्या जगाने करायच्या आणि आम्ही त्या मोजायच्या, अशीच यादी केली आहे.

बरं. मग यादीशीच भांडू.

४ ऑगस्ट

महिन्याची बैठक. मोठे साहेब होते, सगळे विभाग होते. माझी पाच मिनिटं होती, दोनच लागली. कागदावर लिहून नेलं होतं, तसंच वाचलं: सातवा थर मी सुचवला. चाचणी कोरड्या हवेत घेतली आणि तेवढ्यावर बारा महिन्यांचा निर्णय करवून घेतला. गोदाम किनाऱ्यापुरतं शहाणपण करत होतं, ते मी लेखी हुकूम आणून बंद पाडलं. माल फुटल्यावर सगळ्यात सावकाश चालकाचं नाव सगळ्यात घाईने काढायला लावलं. मला दोनशे नव्वद खोक्यांचं कारण बदलायचंय आणि ते तुमच्या यादीत नाही. सहावा कोड हवा. नियोजन.

संगणकवाला म्हणाला, तशी सोय नाही. मी म्हटलं, करा.

टक्केसाहेब हसून म्हणाले, उद्या जो उठेल तो ऑफिसच्या नावाने बिल फाडेल.

"फाडू दे," मी म्हटलं. "फाटकं कुठे आहे ते तरी दिसेल."

मोठ्या साहेबांनी माझा कागद मागून घेतला आणि वाचला. मग निर्णय दिला: किनाऱ्याला सहा थर, चालकाचं नाव परत, आणि सहावा कोड तीन महिन्यांपुरता, तात्पुरता. बाहेर पडताना टक्केसाहेब माझ्याशी बोलले नाहीत. टक्क्यांतसुद्धा नाही.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. मी वाट बघत होते, आता म्हणतील, सांगत होतो एका जागी बस.

"लेखी दिलंस?"

"दिलं."

"तारीख घातलीस?"

"घातली."

"मग आता जेव," म्हणाले, आणि माझं ताट त्यांनी वाढलं.

११ ऑगस्ट

सहावा कोड सुरू झाला. पहिल्या दोनशे नव्वद नोंदी माझ्या. एकेक करून, हाताने. कोणाला तरी करायला सांगता आलं असतं.

दुपारी कात्रीबाईंनी कपाटाच्या तळातून तीन जाड वह्या काढल्या. प्रत्येक पानावर तारीख, खोक्याचा नंबर आणि शेवटी त्यांच्या बारीक अक्षरात खरं कारण. ज्यांना एक घालावा लागला पण तो एक नव्हता, ते सगळे. बावीस वर्षांचे. मी विचारलं, हे कशासाठी लिहीत होतात? त्यांना प्रश्नच कळला नाही बहुतेक. "झालं होतं ना तसं," म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत चार डेपोंनी सहा वापरला. टक्केसाहेबांचा फोन तीनदा आला. तिन्ही वेळा मी गाडी मोजत होते.

१८ ऑगस्ट

गोगलकाका आले, किल्ली घेऊन. मी आधीपासून वाक्य तयार ठेवलं होतं. माफ करा, माझी चूक झाली, वगैरे. तेवढं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"महिनाभर घरी होतो," ते म्हणाले. "बायकोला सगळ्यात जास्त त्रास झाला. चहा पितानासुद्धा सारखा मागे वळून बघत होतो, पॅलेट हललं का म्हणून."

माफ केलं की नाही ते सांगितलं नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि बहुतेक हक्कही नाही.

२४ सप्टेंबर

निकाल. नियोजनाने दुसऱ्या एकाला घेतलं. माझ्यापुढे लिहिलंय: "समन्वयात सुधारणेस वाव." अकरा महिने गोदामात, चार भिंतींशी भांडून, आणि समन्वयात वाव. चाळीस मिनिटं ऑफिसच्या बाथरूममध्ये रडले. पाणी सोडून, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. ह्या बाईने ओला पुठ्ठा आणि ओले डोळे एकाच पावसाळ्यात बघितले, असं कोणीतरी पुढेमागे लिहावं.

मग तोंड धुतलं आणि वर मनुष्यबळ विभागात गेले. किनाऱ्याच्या डेपोला कायमची जागा सहा महिने रिकामी आहे. तिकडे कोणी मागून जात नाही: गंज, घाम, मच्छर, आणि बढती पोचायला गोगलकाकांपेक्षा जास्त वेळ लागतो. मी मागितली. मनुष्यबळवाल्या बाईंनी दोनदा विचारलं, नक्की का? शिक्षा म्हणून देणार होते बहुतेक. मागून घेतल्यावर त्यांची पंचाईत झाली.

बाबांनी आत्याला फोनवर सांगितलं, "तिची बदली झाली नाही. ती गेली." फरक त्यांना कळतो.

१२ ऑक्टोबर

डेपो. खोलीचं एक दार समुद्राकडे, एक गाड्यांकडे. समुद्राकडचं मी बंद करून घेतलं आहे, पुठ्ठ्यासाठी. कुलपं आठवड्यात गंजतात. हाताखाली सहा माणसं, सगळी माझ्याहून मोठी, सगळी वाट बघताहेत मी कधी जाते ह्याची. सांगितलं त्यांना, नाही जात. पुढेमागे परत नियोजनात जाईन, पण तेव्हा ह्या खोलीसकट जाईन.

२ नोव्हेंबर

सकाळी नवीन मार्गावरची गाडी आली. चालक तरुण, शिट्टी वाजवत उतरला. तीन खोकी फुटलेली. त्याने मी विचारायच्या आधीच सांगितलं, सहावा घाला मॅडम, ऑफिसचीच चूक असणार, आम्ही सगळे म्हणतो तुमच्यामुळे आम्हाला बरे दिवस आले.

मी खोकी उलटी केली. तळाची नव्हती, दुसऱ्या थराची. पुढच्या बाजूचा एकेक कोपरा गेलेला, बाकी सगळं टणक. पुठ्ठा कोरडा. मागची पॅलेट पुढे सरकून आलेली. ह्याने कुठेतरी कचकन ब्रेक मारला होता आणि मारायच्या आधी बराच वेगात होता.

मी एक दाबला.

तो पडद्याकडे बघत राहिला. आवाज चढला. एवढा लांबून आलो, झोप नाही, आणि तुम्हीही तेच? "तुम्ही तर आमच्या बाजूच्या ना?"

"आज नाही," मी म्हटलं आणि खोकं त्याच्या हातात दिलं. "कोपरा बघ."

त्याने बघितला. बराच वेळ बघितला, अंगठा फिरवून. मग सही केली, वाकडीतिकडी, कागद फाटेल इतकी दाबून, पण केली. माझी माणसं दारात उभी राहून बघत होती. त्यातला सगळ्यात म्हातारा आत आला, न सांगता पुढचं पॅलेट सोडवायला बसला, आणि तळाचं खोकं ओढून माझ्यासमोर ठेवलं.